नळ्या आणि बुडकी खोली

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची तक्रार नको. नौदलात भरती झालेल्या नव्या पोरांना जहाजावर पाठवण्याआधी जे प्राथमिक शिक्षण देतात, त्यातला सुरक्षिततेचा भाग माझ्याकडे आहे. आग लागली तर काय करायचं, धुरातून बाहेर कसं यायचं, लाइफ जॅकेटचे पट्टे कुठे आवळायचे, आणि जहाजाला भोक पडलं तर ते कसं बुजवायचं. हे सगळं गोड आवाजात शिकवता येत नाही. पोरं मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे भोंगा. मला ते ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि आमचं बरं चाललंय.

आजवर शेकड्यांनी पोरं माझ्या हाताखालून गेली. बहुतेकांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत. पण नळ्या काही डोक्यातून जात नाही.

पहिल्याच दिवशी सगळी तुकडी माझ्यासमोर ताठ उभी होती. नवी पोरं पहिल्या दिवशी एकतर स्वतःच्या बुटांकडे बघतात, नाहीतर माझ्या भुवयांकडे. हा एक बुटका, रुंद खांद्यांचा, जाड बोटांचा पोरगा तेवढा छताकडे बघत होता. माझं डोकं फिरलं.

"वर काय आहे रे? पडतंय का काही?"

"नाही मॅडम. तो कोपऱ्यातला सांधा पाझरतोय. अजून थेंब सुटला नाही, पण सुटेल."

मी वर पाहिलं. मला काहीसुद्धा दिसलं नाही. दोन दिवसांनी नेमका तिथूनच थेंब माझ्या हजेरीच्या टेबलावर पडला, तेव्हा पोरं खाली मान घालून हसली. त्या संध्याकाळपर्यंत त्याचं नाव नळ्या पडलं होतं.

त्याचे वडील नळदुरुस्तीवाले, आजोबाही तेच. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका गाळ्याचं दुकान. आई गल्ल्यावर बसून वॉशर, तोट्या, पांढऱ्या टेपच्या गुंडाळ्या विकायची आणि मापं तोंडपाठ सांगायची. या पोराला दात आले नव्हते, तेव्हाच वडिलांनी दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' असं रंगवून घेतलं होतं. चिरंजीव मोठे झाले, शाळा सुटली की वडिलांमागे पिशवी घेऊन हिंडू लागले, आणि ज्या वयात इतर पोरं पतंगाला मांजा लावतात त्या वयात हे तुंबलेली मोरी मोकळी करू लागले. घरातला दंडक एकच. नळाखाली बोट धरायचं, बोट कोरडं राहिलं तरच गिऱ्हाइकाच्या घराबाहेर पडायचं. एक थेंब जरी आला तरी पुन्हा सगळं उघडायचं.

मग हा नौदलात कशाला आला? मी विचारलं होतं. कान लाल करून म्हणाला, "मॅडम, आजवर पाणी पाइपातच पाहिलं. एकदा मोकळं बघायचंय."

आता असं उत्तर आल्यावर रागावणार तरी कसं!

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. धुराच्या खोलीतून तो शांतपणे, गुडघ्यांवर रांगत, भिंतीला हाताची पाठ लावत बाहेर आला. दार उघडण्याआधी दाराला हाताची पाठ लावून बघायची, तळहात नाही, हे मी एकदाच सांगितलं होतं. "तळहात भाजला तर पुढचं हत्यार कशाने धरायचं," हे कारण मी सांगायच्या आधी तोच बोलून मोकळा झाला. उंच फळीवरून तलावात उडी मारताना त्याचा जोडीदार लंबू, एवढा ताडमाड वाढलेला, फळीला घोरपडीसारखा चिकटून बसला होता. नळ्याने मागून त्याला नुसतं विचारलं, "लंब्या, तुझे पाय तर निम्म्या वाटेवर पोचलेत, उरलेल्याला कशाला घाबरतोस?" लंबू हसला आणि हसता हसताच पडला. त्याला उडी म्हणता येणार नाही, पण मी पास केलं.

हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणायचा, ही आमच्याकडची पहिली शिस्त. यंत्रांच्या गोंगाटात एकाने 'उघड' म्हणावं आणि दुसऱ्याने बंद करावं, असं व्हायला नको म्हणून. ही सवय पोरांच्या अंगात अशी भिनते की बोलायची सोय नाही. जेवणघरात वाढणारा म्हणतो, "सरका पुढे," की सगळी रांग गरजते, "सरका पुढे!" नळ्याने रविवारी घरी फोन लावला. आईने विचारलं, "जेवलास का रे?" हा टाचा जुळवून ओरडला, "जेवलास का! हो, जेवलो!" त्या माउलीला वाटलं, पोराच्या कानांना काहीतरी झालं. तिने फोन वडिलांकडे दिला आणि वडिलांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

असं हसत खेळत आम्ही बुडक्या खोलीपाशी येऊन पोचलो.

बुडकी खोली हे नाव पोरांनी दिलेलं. कागदावर तिचं नाव भलतंच लांबलचक आहे. जहाजाच्या पोटातला एखादा कप्पा असतो तशीच ती, चारी भिंती लोखंडी, आत यायला वरून शिडी. भिंतींना मुद्दाम भोकं पाडलेली आहेत, कुठे मुठीएवढी गोल, कुठे फाटलेल्या पत्र्यासारखी लांबट. आडवे उभे पाइप आहेत, त्यांना चिरा आहेत, एक तर बाकड्यामागे दडलेला. बाहेर पंप. पंप सुरू झाला की सगळीकडून एकदम पाणी अंगावर येतं आणि पोरांच्या तोंडचं पाणी पळतं. आत चार जण. त्यांच्याजवळ लाकडी खुंट्या, पाचरी, चिंध्या, हातोडे, फळ्या आणि टेकू. भिंतीवर छातीच्या उंचीला एक लाल पट्टी आहे. वेळ संपायच्या आत पाणी त्या पट्टीला लागलं की जहाज बुडालं, म्हणजे नापास. पट्टीच्या खाली राहिलं तर पास.

मला वाटलं, ही परीक्षा तर नळ्याच्या हातचा मळ. सगळ्या तुकडीलाही तसंच वाटलं. त्याच्या चौघांत यायला पोरांची भांडणं लागली.

आणि नळ्या नापास झाला.

मी खिडकीतून बघत होते. पंप सुरू झाला, इतर तिघे आरडाओरडा करत इकडेतिकडे धावले. नळ्या सरळ एका भोकापाशी गेला. त्याने चिंधी निवडली. निवडली म्हणजे काय, दोन चिंध्या बाजूला टाकल्या आणि तिसरी घेतली! ती खुंटीभोवती सुबक गुंडाळली, खुंटी बसवली, हातोड्याचे बेताने ठोके दिले. नव्वद भाग पाणी थांबलं. दुसरा कोणी असता तर पुढच्या भोकाकडे पळाला असता. याने खालून बोट धरलं. बोट ओलं झालं. याने खुंटी उपटली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पाठीमागे दोन पाइप तोंड फाडून ओकत होते, लंबूच्या कमरेला पाणी लागलं होतं, म्हणजे इतरांच्या छातीला, आणि हा आपला पातळ पाचर तासत उभा. वेळ संपायच्या कितीतरी आधी लाल पट्टी बुडाली. त्या एका भोकातून मात्र थेंब येत नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, ते घर नाही, जहाज आहे! घर गळलं तर घर ओलं होतं. जहाज गळलं तर राहायला घरच उरत नाही! थांबव आणि पुढे हो. गळतंय तर गळू दे!"

"हो मॅडम," म्हणाला. आणि त्याच्या तोंडून प्रथमच हुकूम परत आला नाही. 'गळू दे' हे शब्द त्याला उच्चारता येईनात.

दुसऱ्या खेपेलाही तेच. या वेळी एका भोकाऐवजी दोन भोकं, एवढीच काय ती प्रगती. आमच्याकडे तीन संधी असतात. तिसऱ्यांदा जहाज बुडवलं की सामान बांधायचं आणि घरी जायचं. बाकी सगळ्यांत कितीही चांगला असला तरी, पाणी अडवता न येणारा खलाशी घेऊन जहाजवाले करतील काय?

त्या संध्याकाळी तो हत्यारांच्या खोलीच्या पायरीवर खुंट्या पुसत बसला होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले. रागवायलाच गेले होते.

"घरी गेल्यावर वडील रागावतील का?"

"कोणीच रागावणार नाही मॅडम," तो म्हणाला. "आई आवडीचं काहीतरी करून घालेल. बाबा दुसऱ्या दिवशी पिशवी हातात देतील. पाटीवर तर नाव आधीपासूनच आहे. कोणी एका शब्दाने विचारायचं नाही. त्याचीच भीती वाटते."

मी तशीच परत आले. ओरडायचं राहून गेलं.

घरी हे शिवणाच्या यंत्रावर बसले होते. आमचे हे शिंपी आहेत, शांत माणूस, घरात दोन भोंगे नकोत म्हणून असेल. मी त्यांच्यापुढे सगळं ओकलं. हे दोरा तोडत म्हणाले, "त्याला सांग, आम्ही आधी कच्चे टाके घालतो, मग पक्की शिलाई. कच्च्या टाक्यांना कोणी वाईट शिलाई म्हणत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि काही जणांना पक्की शिलाई करायची आठवणच राहत नाही, ते वेगळं." त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या नळाकडे होती. त्या नळाला मी चिंधी गुंडाळून पाचर मारली आहे, त्याला आता बरेच महिने झाले. पाणी थांबलंय ना, मग झालं! पण कच्च्या टाक्यांची गोष्ट मला पटली.

दुसऱ्या दिवशी मी नळ्याला ती ऐकवली. त्याने मन लावून ऐकली, "अगदी बरोबर आहे मॅडम," म्हणाला, आणि सरावात पुन्हा बोट धरून उभा राहिला. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आमच्याकडे पाणी तर काय, पंपाने येतं.

भेटीच्या रविवारी त्याचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात पाना. नळ्या दुसरीकडे कवायतीला अडकला होता, म्हणून ते मला भेटायला थांबले. भेटीच्या हॉलमध्ये हात धुवायची एक तोटी आहे, ती माझ्या आठवणीत कायमच टपटपते. नमस्कार झाला, दोन वाक्यं झाली, आणि मी बघते तर ते बोलता बोलता तोटी उघडून बसलेले.

"साहेब, राहू द्या, आमचा माणूस आहे त्यासाठी," मी म्हणाले.

"बोला ना तुम्ही, माझे कान मोकळे आहेत."

मग मी स्पष्टच विचारलं. म्हटलं, या माणसाकडून काही उपाय मिळाला तर बघावा. "तुम्ही कधी काम अर्धं सोडून आला आहात का? घाईने, नाइलाजाने, कसंही?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही शिवी दिली असती तरी चाललं असतं."

झालं! म्हणजे घोडं इथेच अडलेलं होतं, आणि पिढ्यान् पिढ्या अडलेलं. मी कपाळावर हात मारला. मग त्यांना सगळं खरं सांगितलं, तिसरी संधी, लाल पट्टी, सगळं. ते ऐकत होते. तोटी बसवून झाली, त्यांनी तिच्याखाली बोट धरलं, बोट बघितलं, रुमालाने हात पुसले.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "तो नापास झाला तर मला आनंदच होईल. म्हातारपणी दुकानात सोबत होईल. पण तो आनंद माझ्या घशाखाली उतरायचा नाही, मॅडम. पोराने लहानपणापासून मागितलं असं हे एकच. तुम्ही त्याला ओरडा. मला तर ओरडताही येत नाही."

एवढं बोलून ते पोराची वाट बघत बाकावर बसले. नळ्या धावत आला, वडिलांच्या पाया पडायला वाकला तर वडिलांनी त्याचे दंड चाचपून पाहिले, आणि दोघेही हॉलच्या छताकडे बघत पाइपांविषयी बोलू लागले. या पोराला मी पास करून दाखवणारच, असं मी तिथेच ठरवलं. कसं, ते मात्र माहीत नव्हतं.

उपाय सुचला तो रागातूनच. पुढच्या सरावाला नळ्या हातोडा घेऊन शिडीकडे निघाला आणि त्याच्या हातातला तो हातोडा बघूनच माझं पित्त खवळलं. मी तो हिसकावून घेतला.

"आज तू एकाही भोकाला हात लावायचा नाहीस. हा कंदील धर, शिडीच्या पायरीवर उभा राहा आणि तिघांना सांग काय करायचं ते. उंटावरून शेळ्या हाक. हात खाली आला तर बघ!"

पंप सुरू झाला. नळ्या कंदील धरून उभा. लंबू एका लांबट चिरेपाशी गेला, फळी लावली, पाचरी मारल्या. खालून थोडं पाणी येत राहिलं. नळ्याला राहवेना. "लंब्या, डावीकडे अजून एक पाचर. नाही, काढ ती, तिरपी बसलीय. चिंधी बदल." लंबू आज्ञाधारक. काढली, बदलली, पुन्हा मारली. "अजून जरा." दुसऱ्या दोघांना हुकूमच नव्हता, ते एकमेकांची तोंडं बघत उभे. बाकड्यामागचा पाइप फुटलेला, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. मी खिडकीशी जीभ दातांखाली धरून ठेवली होती, दुखेपर्यंत.

मग नळ्याने कंदील जरा फिरवला. मला वाटतं, त्या खोलीत आजवर त्याने भोकं पाहिली होती, खोली पाहिलीच नव्हती. उंचावरून, रिकाम्या हाताने, त्याला पहिल्यांदा सगळं एकत्र दिसलं. ती चिरेवरची फळी, तिच्यापाशी वाकलेला लंबू, मागून भळाभळा येणारं पाणी आणि लाल पट्टीला टेकलेली पाण्याची कड. त्याचा चेहरा उतरला. मी पंप बंद केला.

"कोणी बुडवलं रे जहाज?"

लंबू बिचारा हात वर करायला निघाला होता.

"मी," नळ्या म्हणाला. "मी त्याला तिथेच अडकवून ठेवला."

"आणि बोट कोरडं झालं का?"

"नाही मॅडम."

त्या दिवशी मी आणखी काही बोलले नाही. पोरांना वाटलं, मला ताप आला असावा.

त्यानंतर नळ्याने स्वतःवरच औषध सुरू केलं, आणि त्याने माझ्या नाकी नऊ आणले. एका सकाळी झोपायच्या खोल्यांची तपासणी होती. इतर सगळ्यांच्या चादरी चापूनचोपून घातलेल्या, आणि याच्या चादरीचा एक कोपरा लोंबतोय. बुटांच्या जोडीतला एक चकचकीत, दुसऱ्याच्या टाचेवर डाग. मी आवाज चढवला.

"हे काय आहे?"

"मुद्दाम ठेवलंय मॅडम. अर्धं सोडायची सवय व्हावी म्हणून. रोज एक गोष्ट तशीच सोडून निघतो. फार त्रास होतो हो!"

शेजारी लंबू ओठ दाबून हसत होता. मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या इमारतीतली तुकडी सावधान उभी राहिली म्हणतात. "सवय करायची तर माझ्या तपासणीत नाही! दुसरं काहीतरी वाकडं ठेव!" तेव्हापासून तो जेवणाच्या ताटात एक घास ठेवू लागला, पण तो लंबूच खायचा, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या परीक्षेला मोठे साहेब स्वतः आले. हातात घड्याळ, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा आमचा नियम. माझा एक हात पंपाच्या व्हॉल्व्हवर, दुसऱ्याने तोंड झाकलेलं, अशी मी खिडकीशी उभी. चौघे शिडीवरून उतरले. या वेळी त्यांचा म्होरक्या नळ्या, आणि हातोडाही त्याच्या हातात. दोन्ही कामं त्यालाच करायची होती.

पाणी आलं. नळ्या आधी जागचा हलला नाही, आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो खोलीभर नजर फिरवत होता. मग त्याचे हुकूम सुटले. "लंब्या, बाकड्यामागचा पाइप! तू चीर, तू त्याला टेकू दे! मोठं भोक माझं!" तिघांनी हुकूम परत ओरडले आणि कामाला भिडले. नळ्याने हाताला येईल ती चिंधी उचलली, बघितलीसुद्धा नाही. खुंटीला वेढा, खुंटी भोकात, ठोक, ठोक, ठोक. पाणी आटलं. खालून एक धार राहिली, करंगळीएवढी.

आणि त्याचा हात खाली गेला.

मला ती बोटं स्पष्ट दिसत होती. पाणी गुडघ्यांच्या वर आलं होतं. बोट त्या धारेखाली होतं, ओलं होत होतं, आणि नळ्या त्याच्याकडे बघत होता. आजोबांपासूनचा तो सगळा दंडक त्या एका बोटाला धरून बसला असणार. त्याचा दुसरा हात खुंटीकडे निघाला, उपटायला. माझ्या जिभेवर शब्द येऊन ठेपले होते. ते गिळताना मला जेवढे कष्ट पडले तेवढे नौदलात कशालाच पडले नाहीत. देवा, या पोराला घरी पाठवू नकोस, एवढंच मी मनात म्हणत होते.

त्याने बोट मागे ओढलं. छाती भरून श्वास घेतला आणि लोखंडी भिंती दणाणतील अशा आवाजात ओरडला, "गळू दे!"

ते त्याने स्वतःलाच सांगितलं होतं. पण हुकूम तो हुकूम! तिघेही पाण्यात ताठ होऊन गरजले, "गळू दे!" आणि साहेब, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांना घड्याळ वर धरून तोंड लपवावं लागलं.

मग काय विचारता! तो पोरगा त्या खोलीत भोवऱ्यासारखा फिरला. एका ठिकाणी खुंटी, दुसरीकडे फळी, तिसरीकडे गुडघ्याने दाबून पाचर. कुठे धार राहिली, कुठे फवारा राहिला, याने मागे वळून पाहिलं नाही. लंबूने पाइपाला चिंध्यांचा असा बोळा बांधला होता की तो बघून नळ्याचे वडील आजारी पडले असते. नळ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेला. शिट्टी वाजली तेव्हा पाणी लाल पट्टीच्या चार बोटं खाली होतं.

साहेब एकच शब्द बोलले. "पास."

तिघे शिडीवरून ओरडत, एकमेकांना ढकलत वर आले. त्यांनी मला उचलायचा विचार केला आणि लगेच सोडून दिला, ते शहाणपणाचं झालं. मी डोळे पुसून घेतले. पाणी उडालं होतं, असं म्हणायची सोय होती, पण मी खिडकीच्या कोरड्या बाजूला होते. तेव्हा खरं ते असं की मी रडले. मग बघते तर नळ्या अजून खालीच. गळणाऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा.

"ऐकू आलं नाही का? पास झालास! ये वर!"

तो वळला. "मॅडम, परीक्षा संपली ना?"

"संपली."

"मग जरा वेळ द्याल? पंप बंद करू नका. पाणी चालू राहू द्या."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खोली तुमची आहे," म्हणाले आणि निघून गेले. कोणालाही आत एकटं ठेवता येत नाही. लंबू आणि ते दोघे काकडत होते, त्यांना मी पाठवून दिलं. व्हॉल्व्हवर दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाला उभं केलं, तळाची मोरी उघडून साचलेलं पाणी सोडलं, आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी, आयुष्यात कधी नव्हे ते, विद्यार्थ्याच्या मागून शिडी उतरले.

नळ्या सावकाश कामाला लागला. आता कसली घाई नव्हती. माझ्याकडे न बघताच त्याने हात पुढे केला. "पातळ चिंधी. नाही, त्याहून पातळ. आता ती छोटी पाचर. इथे धरा, हलवू नका." आणि मी धरलं. भिंतीतून उडणारं पाणी माझ्या बाहीत शिरत होतं, आणि एक शिकाऊ पोरगा मला सांगत होता आणि मी ऐकत होते. मोठं भोक झालं. चीर झाली. लंबूचा तो बोळा त्याने सोडवला, हसला, आणि पाइप पुन्हा पहिल्यापासून बांधला. सगळ्यात शेवटी त्याने त्याच्याखाली बोट धरलं, बराच वेळ धरलं, आणि ते माझ्यापुढे केलं.

कोरडं होतं. पलीकडे पंप पूर्ण जोराने चालला होता, आणि मी त्या खोलीत उभी राहून आजवर कधी न पाहिलेली कोरडी भिंत बघत होते. मला इतका आनंद झाला, काय सांगू! मग मी आपली ओरडले.

"चल, बाहेर हो! कपडे बदल! सर्दी होईल मेल्या!"